पेटंट एजंटापुढे नेमके काय ठेवावे?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पेटंटविषयीचे प्रश्न वाढले आहेत आणि त्यांतील बहुतेकांची अडचण एकच आहे: पेटंट एजंटाने (आपल्या वतीने अर्ज तयार करून दाखल करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने) ‘शोधाची माहिती लिहून पाठवा’ असे सांगितले, आता लिहायचे काय? पुणे आणि परिसरातून आलेल्या अशा सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत. शोधांचे तांत्रिक मर्मही मुद्दाम बदलले आहे, कारण अर्ज दाखल होण्यापूर्वी ते मासिकात छापले गेले, तर त्या छपाईनेच शोधाचे नावीन्य संपुष्टात येईल. पुढील प्रश्न पाठवतानाही यंत्राची आकृती किंवा मिश्रणाचे प्रमाण कृपया आमच्याकडे पाठवू नये.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. पातळ भिंतीचे गोल ॲल्युमिनियम कास्टिंग व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकनियंत्रित यंत्रावर) पकडताना जॉब, म्हणजे घडवायचा भाग, दबतो आणि क्लॅम्प सोडल्यावर त्याची गोलाई बिघडते. त्यावर उपाय म्हणून मी एक फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारे साधन) तयार केले. पेटंट एजंटाला फोटो आणि दोन पानांची माहिती दिली, तर त्यांनी प्रश्नांची लांबलचक यादी परत पाठवली. एवढी माहिती खरोखर लागते का? आणि सगळेच सांगून टाकले, तर गुपित फुटणार नाही का?

लागते, आणि एजंटाने प्रश्न विचारले ही चांगली गोष्ट आहे. दोन पानांवर आणि फोटोंवर समाधान मानून ज्याने आठवडाभरात अर्ज दाखल केला असता, त्याच्याविषयी मी अधिक साशंक राहिलो असतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १० नुसार स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या लेखी वर्णनात) शोधाचे, त्याच्या कार्याचे आणि तो प्रत्यक्षात उतरवण्याच्या रीतीचे पूर्ण वर्णन असावे लागते; इतकेच नव्हे, तर अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत त्यात उघड करावी लागते. वर्णन अपुरे राहिले किंवा सर्वोत्तम रीत दडवली, तर याच कारणावरून मिळालेले पेटंटही पुढे रद्द होऊ शकते. शिवाय अर्ज दाखल झाल्यावर त्यात दुरुस्ती करता येते ती काही भाग सोडून देणे, चूक सुधारणे किंवा स्पष्टीकरण करणे एवढ्यापुरतीच. जे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नव्हते, ते मागाहून आत आणता येत नाही. आपण आज जे सांगायचे विसराल, ते एजंट कितीही निष्णात असला तरी त्या अर्जापुरते कायमचे बाहेर राहील, म्हणून ही यादी लांबलचक आहे.

लिहिताना शोधापासून सुरुवात करू नये, अडचणीपासून करावी. आज हा जॉब कसा पकडला जातो, तीन जबड्यांच्या चकमध्ये काय होते, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) वापरून किती फरक पडतो, व्हॅक्यूम फिक्स्चर आपल्या कास्टिंगला का चालत नाही, हे सारे शॉपफ्लोअरवर दिसते तसे लिहावे. त्यानंतर आधीचे ज्ञात तंत्र शोधावे. भारतीय पेटंट कार्यालयाचे शोधसंकेतस्थळ, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप, युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स ही चारही साधने विनामूल्य आहेत. नुसता ‘फिक्स्चर’ हा शब्द घातला तर हजारो निकाल येतील. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील बी२३क्यू ३ हा जॉब पकडण्याच्या साधनांचा आणि बी२३बी ३१ हा चकचा वर्ग घेऊन त्यात शोधावे. जे सापडेल ते एजंटापासून लपवू नये. आपल्या शोधाच्या सर्वांत जवळ जाणारी दोन-तीन पेटंटे आणि त्यांच्यापेक्षा आपले वेगळे काय, एवढे एक पान जरी आपण लिहिले, तरी एजंटाचे निम्मे काम हलके होते.

या ठिकाणी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. समजावण्यासाठी असे धरू की आपल्या फिक्स्चरमध्ये स्प्रिंगवर तरंगणाऱ्या सहा पिना आहेत. त्या कास्टिंगच्या आकाराला टेकतात आणि मग एका निमुळत्या कॉलरने एकाच वेळी लॉक होतात. आकार पाहून टेकणारे आणि नंतर लॉक होणारे आधार यंत्रकामात फार पूर्वीपासून वापरात आहेत. त्यामुळे ‘तरंगत्या पिना’ हा आपला शोध ठरणार नाही. शोध असेल तर तो त्या लॉक होण्याच्या पद्धतीत असेल: सहाही पिना एकदम जखडल्या जातात, पण जखडताना जॉबला पुढे ढकलत नाहीत. ती न ढकलण्याची करामत कशामुळे साधते, ते आपल्यालाच लिहावे लागेल, कारण एजंटाने ते फिक्स्चर कधी हातात धरलेले नाही.

म्हणून प्रत्येक भागाला क्रमांक आणि एकच नाव द्यावे. पहिल्या पानावर ‘पिन’, दुसऱ्यावर ‘सपोर्ट’ आणि ड्रॉइंगवर ‘प्लंजर’ असे झाले, की पेटंट कार्यालयातील तपासणी अधिकाऱ्याला ते तीन वेगळे भाग वाटतात. कोणता भाग कशाला जोडला आहे, कोणता सरकतो, कोणता स्थिर आहे आणि कोणती हालचाल आधी होते, हे क्रमाने लिहावे. फोटो उपयोगी असले तरी त्यांतून आतली रचना दिसत नाही. छेददृश्य आणि सुटे भाग वेगळे करून दाखवणारे रेखाचित्र द्यावे. पेटंटच्या चित्रांवर, प्रवाहआकृती सोडल्यास, वर्णनपर मजकूर चालत नाही. त्यामुळे उत्पादनाचे ड्रॉइंग जसेच्या तसे पाठवून भागत नाही.

यानंतर मर्यादा लिहाव्यात, आणि इथेच बहुतेकांची माहिती तोकडी पडते. पिना सहाच का, चार चालतील का, बारा केल्या तर काय बिघडेल? कॉलरचा निमुळता कोन आपण किती ठेवला आणि किती अंशांपर्यंत तो चालतो? पाचरीचा कोन घर्षणकोनापेक्षा लहान असला, की ती आपोआप मागे सरकत नाही. स्टीलवर स्टीलचा घर्षणांक ०.१५ धरला, तर हा घर्षणकोन सुमारे साडेआठ अंश येतो. आपण कोन सात अंशांचा ठेवला असेल आणि तो केवळ ‘जमला म्हणून’ ठेवला असे लिहिले, तर दाव्यातही (आपल्या हक्काची हद्द ठरवणाऱ्या वाक्यातही) सातच अंश येतील. उद्या कोणी सहा अंशांचे फिक्स्चर बनवले, तर आपल्याला हात चोळत बसावे लागेल. कारण माहीत असेल तर एजंट ‘स्वतःहून जखडून राहील इतका कोन’ असा रुंद दावा लिहू शकतो आणि सात अंश हा आकडा पसंतीचा म्हणून वेगळ्या दाव्यात ठेवू शकतो. तसेच प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने एकदा स्वतःच्या शोधाकडे पाहावे. कॉलरऐवजी कॅम, स्प्रिंगऐवजी रबर, हाताने आवळण्याऐवजी हायड्रॉलिक, असे जे जे बदल करून तुमचा दावा चुकवता येईल, ते सारे पर्यायी प्रकार म्हणून आजच लिहून द्यावेत.

फसलेले प्रयोग लिहायला लोक संकोचतात. ते अवश्य लिहावेत. तपासणी अधिकारी ‘हे तर या क्षेत्रातील कोणत्याही जाणकाराला सहज सुचले असते’ असा आक्षेप घेतो, तेव्हा सहज सुचणारा मार्ग आपण चोखाळला होता आणि तो अमुक कारणाने अपयशी ठरला, याच्यासारखे दुसरे उत्तर नाही. परिणाम सांगताना मात्र ‘रिजेक्शन पुष्कळ कमी झाले’ असे वाक्य निरुपयोगी आहे. तेच कास्टिंग, तेच मशीन, तोच टूल, तोच फीड ठेवून जुन्या आणि नव्या फिक्स्चरवर केलेल्या जॉबची गोलाई सीएमएमवर (अचूक मोजमापाच्या यंत्रावर) मोजावी, क्लॅम्प सोडण्यापूर्वीची आणि नंतरची, आणि त्याचा तक्ता जोडावा. मोजमाप अनुकूल नसलेले जॉबही तक्त्यात राहू द्यावेत.

गुपिताविषयी सांगायचे, तर नोंदणीकृत पेटंट एजंटाशी गोपनीयतेचा करार करून घेण्यात काहीच गैर नाही, आणि चांगला एजंट त्याने दुखावलाही जाणार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मग त्यातील प्रत्येक ओळ जगाला खुली होते. जी गोष्ट फिक्स्चर उघडून पाहिल्यावर कळतेच, तिचे पेटंट घ्यावे. जी पाहूनही कळत नाही, उदाहरणार्थ पिनांवरची एखादी विशिष्ट उष्णताप्रक्रिया, ती व्यापारी गुपित म्हणून ठेवायची का, हे अर्जापूर्वी ठरवावे. तिच्यावाचून फिक्स्चर चालतच नसेल किंवा तीच आपली सर्वोत्तम रीत असेल, तर मात्र ती पेटंटमधून वगळण्याची मुभा नाही. विचार बदललाच, तर पंधरा महिन्यांच्या आत अर्ज मागे घेतल्यास तो प्रसिद्ध होत नाही.

प्रश्न : सासवड परिसरात आमचा महिला बचत गट सीताफळाचा गर काढून विकतो. गर आणि बी वेगळे करणारे हातयंत्र आम्ही एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतले. मागच्या हिवाळ्यात मोशीच्या एका कृषी प्रदर्शनात ते चालवून दाखवले आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवरही आहे. आता पेटंट घेता येईल का?

जे दाखवले गेले, त्यापुरते ते अवघड आहे, आणि हे आपल्याला आधीच कळणे पैसे खर्च करून कळण्यापेक्षा बरे. प्रदर्शनात मांडल्याने नावीन्य जात नाही अशी सवलत कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे आणि तेथेही बारा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. कोणतेही मोठे प्रदर्शन या सवलतीत आपोआप बसते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. यूट्यूबवरील व्हिडिओला तर ही सवलत लागू करणे कठीणच.

तरीही लगेच नाद सोडू नये. व्हिडिओ आणि प्रदर्शनातले फोटो समोर ठेवून एक तक्ता करावा: कोणत्या तारखेला, कोणाला, यंत्राचा कोणता भाग दिसला, कोणता झाकलेला होता, कोणाला यंत्र विकले किंवा वापरायला दिले आणि त्याची पावती आहे का. झाकणाखालची रचना कोणी पाहिलेली नसेल आणि ती कोणाला समजावूनही सांगितलेली नसेल, किंवा प्रदर्शनानंतर आपण त्यात खरोखर नवी सुधारणा केली असेल, तर तेवढ्यापुरता अर्ज उभा राहू शकतो. हा तक्ता एजंटाला पहिल्याच भेटीत द्यावा. आपल्याला गैरसोयीच्या वाटणाऱ्या तारखा पुढे विरोधक शोधून काढतातच.

माहिती लिहिताना ‘गर चांगला निघतो’ याच्या पलीकडे जावे. सीताफळाचे बी चिरडले गेले तर गराची चव बिघडते आणि तो खाण्याला योग्य राहत नाही. गर हवेत राहिला तर काळवंडतो. म्हणजे यंत्राची खरी कसोटी तीन गोष्टींत आहे: किलोभर फळामागे निघणारा गर, फुटलेल्या बियांची संख्या आणि गर उघड्यावर राहण्याचा वेळ. हाताने गर काढताना आणि यंत्राने काढताना या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. फळ एकाच दिवशी एकाच बागेतून आणलेले असावे.

फॅब्रिकेटरचेही नीट ठरवावे. त्याने आपण सांगितले तसे पत्रे कापून जोडले असतील, तर तो शोधकर्ता नाही; मात्र बी वेगळे करणारा मुख्य भाग त्याच्याच डोक्यातून निघाला असेल, तर त्याचे नाव शोधकर्ता म्हणून द्यावेच लागेल आणि हक्क गटातील महिलांकडे हवा असेल, तर त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्यावे लागेल. अर्ज प्रत्यक्ष योगदान असलेल्या महिलांच्या वैयक्तिक नावांनी करणे सोयीचे. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत किमान एक महिला असेल, तर तपासणी लवकर करून घेण्याची विनंती फॉर्म १८ए भरून करता येते.

हा व्हिडिओ आता काढून टाकावा का, असेही आपण विचारले आहे. तो काढल्याने झालेली प्रसिद्धी पुसली जात नाही. मात्र नव्या सुधारणेचे चित्रण अर्ज होईपर्यंत व्हॉट्सॲप गटांतही टाकू नये.

प्रश्न : मी कोथरूडजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे. आम्ही चौघांनी व्हीलचेअरला पायरी चढण्यासाठी एक जोड तयार केली. शोधकर्त्यांत मार्गदर्शक सर, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांचीही नावे घालावीत, असे सुचवले जात आहे. शिवाय पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा आहे. काय करावे?

शोधकर्त्यांची यादी ही लग्नपत्रिकेवरच्या नावांची यादी नव्हे. त्यात मान राखण्यासाठी कोणाचे नाव येत नाही आणि रुसवा काढण्यासाठी गाळलेही जात नाही. कायदा ‘खरा आणि पहिला शोधकर्ता’ मानतो तो शोधाच्या कल्पनेत बौद्धिक वाटा असलेल्यालाच. प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली, निधी मंजूर केला, थ्रीडी प्रिंट काढून दिले किंवा अहवालाची भाषा सुधारली, एवढ्याने कोणी शोधकर्ता होत नाही. उलट मार्गदर्शक सरांनी ‘चाकांऐवजी तीन पाकळ्यांचा आधार करून पाहा’ असे सुचवले असेल आणि शोध त्यावरच उभा असेल, तर ते निःसंशय शोधकर्ते आहेत, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना वगळणे तितकेच चूक आहे. नावे आदराने घालण्याची प्रथा आपल्याकडे संशोधन निबंधांतून पेटंटमध्ये आली आहे. ती मला घातक वाटते, कारण खोटी यादी दिली की खऱ्या शोधकर्त्याला किंवा विरोधकाला हरकतीचे हत्यार मिळते.

वाद टाळण्याचा मार्ग म्हणजे योगदानपत्रक. शोधाच्या प्रत्येक वैशिष्ट्यासमोर ते प्रथम कोणी सुचवले, केव्हा, आणि त्याचा पुरावा कुठे आहे, म्हणजे वहीचे पान, ईमेल किंवा ड्रॉइंगची तारीख, हे सर्वांच्या सह्यांनिशी लिहावे. वहीतील तारखेमुळे अर्जाला आधीची तारीख मिळत नाही, जो आधी अर्ज करतो त्याची तारीख धरली जाते; परंतु शोधकर्ता कोण, या वादात ही वही साक्ष देते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार शोधकर्त्याला आपल्या योगदानाचे स्वतंत्र प्रमाणपत्रही मागता येते, तेव्हा नोकरीच्या अर्जासाठी नाव हवे असणाऱ्या खऱ्या शोधकर्त्याचे त्यात भलेच आहे.

हक्काचा मालक कोण, हा वेगळा प्रश्न आहे. नोकराने किंवा विद्यार्थ्याने लावलेला शोध आपोआप संस्थेचा होतो, असे आपला पेटंट कायदा म्हणत नाही. ते प्रवेशाच्या वेळी किंवा प्रकल्पाच्या वेळी केलेल्या करारावर आणि संस्थेच्या धोरणावर ठरते. ते कागद मागून वाचावेत. संस्था अर्जदार असेल, तर तिला हक्क कसा मिळाला याचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो. त्यामुळे पदवी घेऊन चौघे चार गावी पांगण्यापूर्वीच सह्या उरकाव्यात.

निबंधाचे उत्तर सोपे आहे: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरत्या स्पेसिफिकेशनचा) अर्ज, मग निबंध. विद्वत्सभेपुढे शोधकर्त्याने स्वतः वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण महाविद्यालयाचा टेक-फेस्ट किंवा कोणतीही परिषद त्यात बसेलच असे नाही, आणि युरोपात अशी मोकळीक जवळजवळ नाहीच. प्रोव्हिजनल अर्जानंतर पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी बारा महिने मिळतात. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे शीर्षक आणि एक परिच्छेद नव्हे. निबंधात जे जे सांगणार आहात, ते सारे त्यात असले पाहिजे. जे त्यात नसेल, त्याला ती पहिली तारीख मिळणार नाही आणि तोवर आपलाच छापलेला निबंध आपल्या आड येईल.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आमची टोमॅटोची शेती आहे. माझ्या कृषी पदवीधर मुलीने आमच्याच मातीतून एक जिवाणू वेगळा केला. तो दशपर्णी अर्कात मिसळून फवारल्यावर करपा आटोक्यात येतो, असा आमचा अनुभव आहे. या मिश्रणाचे पेटंट मिळेल का? त्यासाठी कोणती माहिती जमवावी?

दशपर्णी अर्क आणि जिवाणू हे दोन विषय वेगळे करून विचार करू. कडुनिंब, करंज, सीताफळ यांसारख्या पाल्याचा, गोमूत्र आणि शेण घालून केलेला अर्क महाराष्ट्रात गावोगाव माहीत आहे. तो पारंपरिक ज्ञानात मोडतो आणि कलम ३(पी) नुसार त्याचे पेटंट मिळत नाही. या तरतुदीमागे हळदीचा अनुभवही आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जे त्याआधी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

निसर्गात आढळणारा जिवाणू नुसता शोधून काढणे यालाही पेटंट नाही, आणि फवारणीची पद्धत ही शेतीची पद्धत म्हणून वगळली जाते. उरते ते मिश्रण. त्यातही दोन घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होत असेल, तर कलम ३(ई) आडवे येते. म्हणून आपला सारा भर एका गोष्टीवर हवा: अर्क आणि जिवाणू एकत्र आल्यावर होणारा परिणाम दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे, हे दाखवणे. त्यासाठी नुसते पाणी, नुसता अर्क, नुसता जिवाणू, दोन्ही एकत्र आणि बाजारातील एक मान्य बुरशीनाशक असे पाच प्रकारचे वाफे हवेत. प्रत्येक प्रकाराचे अनेक वाफे शेतात चिठ्ठ्या टाकून विखुरलेले असावेत, म्हणजे बांधाकडचा ओलावा किंवा सावली यांचा दोष एकाच प्रकाराला लागणार नाही. वाण, लागवडीची तारीख, फवारणीची वेळ, पाऊस आणि रोग मोजण्याची पद्धत लिहून ठेवावी. करपा म्हणजे लवकर येणारा की उशिरा येणारा, हेही स्पष्ट करावे, कारण त्यांची रोगकारके वेगळी आहेत. जिवाणूचे प्रमाण ‘दोन टोपणे’ असे न लिहिता दर मिलिलिटरमागे किती जिवंत पेशी, असे द्यावे, आणि अर्कात तो किती दिवस जिवंत राहतो तेही तपासावे. हे शेवटचे फार थोडे जण तपासतात. कडुनिंबासारख्या पाल्याच्या अर्कात जिवाणू टिकून राहतो, हे सिद्ध झाले, तर तोच शोधाचा सर्वांत भक्कम भाग ठरू शकेल.

जिवाणूचे वर्णन शब्दांत पुरेसे होत नाही आणि तो इतरांना सहज उपलब्ध नसतो. म्हणून अर्ज दाखल करण्यापूर्वी त्याचा नमुना बुडापेस्ट कराराखालील (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालील) मान्यताप्राप्त केंद्रात जमा करावा लागतो. त्यासाठी आपल्याला लांब जाण्याची गरज नाही: पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहाला २०११ पासून हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. नमुना कोणत्या गावच्या, कोणत्या पिकाच्या मातीतून घेतला, हे मूळ स्थान स्पेसिफिकेशनमध्ये सांगणे सक्तीचे आहे. जैविक संसाधन वापरल्यामुळे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडेही पेटंट मिळण्यापूर्वी नोंदणी करावी लागते; ते काम शेवटावर ठेवू नये. शोधकर्ती म्हणून नाव मुलीचे येईल. शेत आपले असले, तरी एवढ्याने आपण शोधकर्ते होत नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. यंत्राचा बेअरिंग केव्हा बिघडेल, हे कंपनांवरून आधी सांगणारी प्रणाली मी घरी बनवली. सॉफ्टवेअरचे पेटंट मिळत नाही, असे ऐकतो. थेट अमेरिकेत अर्ज करावा का?

आधी नेमणुकीचा करार वाचावा. घरी आणि सुटीच्या दिवशी केलेले कामही कंपनीचे, असे कलम अनेक करारांत असते. संगणक-प्रोग्रॅम ‘तसाच’ घेतला, तर कलम ३(के) नुसार तो वगळला जातो, परंतु शोधातून तांत्रिक परिणाम घडत असेल तर केवळ त्यात प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येत नाही, ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केली. म्हणून एजंटाला सोर्स कोड पाठवण्यापेक्षा संवेदक कुठे बसवला, तो सेकंदाला किती वेळा नमुना घेतो, त्या संकेतातून गोंगाट कसा गाळला, निर्णयानंतर यंत्रावर प्रत्यक्ष काय घडते, आणि जुन्या पद्धतीपेक्षा सूचना किती आधी मिळते, हे प्रवाहआकृतीसह द्यावे.

अमेरिकेचे म्हणाल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला थेट परदेशी अर्ज करता येत नाही. एकतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे, किंवा फॉर्म २५ भरून कलम ३९ खाली परवानगी घ्यावी, जी साधारणपणे २१ दिवसांत मिळते. ही पायरी चुकवली, तर भारतातील अर्ज सोडून दिला असे मानले जाते.

प्रश्न : मी औंधमध्ये राहणारा निवृत्त फिटर आहे. माहिती मराठीत लिहिली तर चालेल का? आणि सरकारी खर्च किती येतो?

एजंटाला द्यायची माहिती अवश्य मराठीतच लिहावी. ज्या भाषेत आपण यंत्राचा विचार केला, त्या भाषेत तपशील सुटत नाहीत. कार्यालयात दाखल होणारी कागदपत्रे मात्र इंग्रजी किंवा हिंदीत लागतात. तेव्हा भाषांतर झाल्यावर आकृतीवर बोट ठेवून एजंटाकडून प्रत्येक दावा मराठीत समजून घ्यावा आणि मगच सही करावी. शीर्षक पंधरा शब्दांच्या आत आणि सारांश दीडशे शब्दांच्या आत बसवण्याचे काम त्यांच्यावर सोडावे.

पुण्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण ते ऑनलाइन दाखल होत असल्याने अँटॉप हिलला खेटे घालावे लागत नाहीत. एखाद्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये शुल्क पडते, आणि त्यात ३० पाने व १० दावे येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. तपासणीच्या विनंतीचे शुल्क ४,००० रुपये आहे. एजंटाचे मानधन यात धरलेले नाही, आणि ते सरकारी शुल्काच्या कितीतरी पट असते. म्हणून कोणत्या टप्प्यापर्यंतचे काम त्यात आहे, तपासणी अहवालाला उत्तर देण्याचे वेगळे घेणार का, हे आधी लेखी घ्यावे. तपासणीची विनंती आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी तिची मुदत ३१ महिन्यांची आहे. ती पहिल्या दाखल तारखेपासून मोजली जाते, आणि ती उलटली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते.